फुलांमधला फोटो

रोसारियो, आर्जेन्टिना
६ ऑगस्ट २००६

सौ. मयुरीवहिनीस सप्रेम नमस्कार.

दुकानात फोन केला की बाबा "सगळं ठीक आहे, तू तुझं पाहा" म्हणतात आणि ठेवून देतात. समोर खत घ्यायला आलेली माणसं उभी असणार, मागे आपला धाकटा भाऊ अंकित कान देऊन बसलेला असणार, हे मलाही कळतं. पण पोटचा मुलगा महिना झाला घरी आला नाही आणि सगळं ठीक आहे, हे ऐकून माझं डोकं फिरतं. दादाचं नक्की काय झालं ते आता तूच मला पहिल्यापासून लिही. ईमेलनं लवकर पोचलं असतं, पण सेलूच्या कॅफेत मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात असं अंकित म्हणतो. तेव्हा पत्रच बरं, वीस दिवस लागले तरी चालतील.

सचिन सकाळी सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातात ते संध्याकाळी येतात. मी तोवर स्पॅनिश शिकते आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसते. इथली माणसं बोलण्यात आपल्या सेलूच्या बसस्टँडला मागे टाकतील. पेपरातली प्रत्येक बातमी नेटवर येते आणि तिच्याखाली वाटेल त्यानं लिहायचं. मंत्र्यानं पैसे खाल्ले अशी बातमी असली, की पहिला शिव्या देतो, दुसरा पहिल्याला शिव्या देतो, तिसरा विचारतो की तुम्ही दोघं कुठल्या फुटबॉल क्लबचे. मग मंत्री राहिला बाजूला. मध्येच कोणीतरी गाण्याची ओळ टाकतं, कोणी खटल्याची पुढची तारीख. पण तारीख सांगितली की खरंच माणसं कोर्टासमोर जाऊन उभी राहतात. मी पाहिली आहेत.

आमच्या खालच्या मजल्यावर एल्व्हिरा नावाची म्हातारी राहते. तीस वर्षांपूर्वी लष्कराचं राज्य असताना तिच्या भावाला घरातून उचलून नेलं. तो परत आला नाही. तिच्या नातवानं भावाचा फोटो नेटवर टाकला आहे, आणि त्याच्याखाली रोज कोणी ना कोणी दोन शब्द लिहितं. दादासाठी असं पान मी करू का? फोटो पाठव. त्याचा एखादा हसरा.

तुझी,
सुरभी

---

सेलू
३ सप्टेंबर २००६

प्रिय सुरभीताईंना नमस्कार.

तुमचं पत्र अंकितभाऊंनी फोडूनच दिलं. इथे आता सगळं असंच चालतं. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, म्हणून मोकळं लिहिते.

मागच्या कापसाच्या हंगामात भैय्याजींच्या जिनिंगमध्ये श्रावण नावाच्या हमालाला मारलं. भैय्याजींच्या पुतण्यानं मारलं, लोखंडी सळईनं. हे तिथे सरकीचा भाव विचारायला गेलते. आवारात पन्नास-साठ माणसं होती, पण पोलिसांसमोर "मी पाहिलं" म्हणणारे एकटे हेच निघाले. बाबांनी हात जोडले, म्हणाले, "आपलं दुकान भैय्याजीच्या शब्दावर चालते बाप्पा, तू काऊन मधात पडून राह्यला?" हे म्हणाले, श्रावणनं आपल्या दुकानाची पोती दहा वर्षं वाहिली, आता मी तोंड फिरवू का.

जुलैच्या चार तारखेला वर्ध्याला साक्ष होती. पोहे खाऊन निघाले. निघताना मला म्हणाले, येताना तुझी चप्पल शिवून आणतो, आणि ती पिशवीत घालून घेऊन गेले. कोर्टात पोचलेच नाहीत. संध्याकाळी गाडी सापडली ती केळझरला, गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी. वर्धा एकीकडे, केळझर दुसरीकडे. हँडल लॉक केलेलं होतं. ताई, तुमच्या भावानं जन्मात कधी हँडल लॉक केलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं तर साहेब हसले. म्हणाले, "केळझर तुमचं माहेर ना? सासऱ्याकडे गेला असंन. नाई तं दुसरी कोणी असंन. तुमचं लक्ष होतं का त्याच्यावर?"

सरकारी वकिलांनी मला एक गोष्ट नीट समजावली, ती तुम्हालाही सांगते. साक्षीदार बेपत्ता आहे तोवर कोर्ट तारखा देत राहील आणि पोलिसांना शोध घ्यावा लागेल. तो मेला असं ठरलं की दोन्ही संपलं. म्हणून मी कुंकू लावते, बांगड्या भरते, आणि बायका काय बोलतात ते ऐकून घेते. आई माझ्या बाजूच्या आहेत. तेरवीचं कोणी बोललं की म्हणतात, "बारा वर्सं वाट पाहा लागते, शास्त्र हाय. माह्या पोराले आधीच नोका मारू." भैय्याजी आठवड्यातून एकदा दुकानात येऊन चहा पिऊन जातात, "काही लागलं तं सांगजा नानाजी" म्हणतात. मला त्या कपालासुद्धा हात लावावासा वाटत नाही.

फोटो पाठवते. दुकानासमोर गाडीला टेकून उभे आहेत तो. ऊन होतं म्हणून एक डोळा बारीक झालाय. पानावर भैय्याजींचं नाव लिहू नका.

मयुरी

---

रोसारियो
२५ ऑक्टोबर २००६

सौ. वहिनी,

दिवाळी कशी गेली ते विचारत नाही. मी एक पणती लावली आणि शेजारच्यांनी जळका वास येतो म्हणून दार वाजवलं.

पान तयार झालं. दादाचा फोटो वर, त्याखाली स्वप्निल हे नाव, आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सगळी हकीकत. भैय्याजींचं नाव नाही, फक्त "एक मोठा माणूस". मला वाटलं चार जण पाहतील. पण इथे गेल्या महिन्यात एक म्हातारा साक्षीदार बेपत्ता झाला आहे. लष्कराच्या काळात त्याला छळणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध त्यानं साक्ष दिली, आणि निकाल लागायच्या दिवशी घरातून नाहीसा झाला. भिंतीभिंतीवर त्याचा चेहरा आहे. नेटवर तर रोजची मारामारी. एक म्हणतो म्हातारा भ्रमिष्ट असेल, कुठेतरी भटकत असेल. तू लिहिलेले ते पोलिसांचे शब्द मला जसेच्या तसे इथे वाचायला मिळाले. अशात कोणीतरी आपल्या पानाचा पत्ता त्या भांडणात टाकला, "भारतातसुद्धा" असं लिहून. आणि लोंढा आला.

वहिनी, शेकडो लोक. एक बेकरीवाला, एक नर्स, एक टॅक्सीवाला जो प्रत्येक वाक्यात आपल्या क्लबचा जयजयकार करतो. त्याच्या क्लबच्या विरोधकांनी त्याला तिथेच गाठलं आणि दोन दिवस दादाच्या फोटोखाली फुटबॉल चालला. दादाला मजा वाटली असती. एका मुलानं फोटो घेऊन काय सुंदर सजवला आहे. चहूबाजूंनी पांढरी फुलं, खाली मेणबत्त्या, कोपऱ्यात काळी फीत. आपल्याकडे मास्तर लोक निषेधाला लावतात ना, तशी. मी तोच फोटो आता वर ठेवला आहे. बाकीचेही फुलं टाकतात, मेणबत्त्या टाकतात. फुलांखाली दादाचा बारीक डोळा तसाच हसतो आहे.

एल्व्हिराला कॅफेत नेऊन दाखवलं. तिनं त्या फितीवर बोट ठेवलं आणि मान हलवत राहिली. भरभर काहीतरी बोलली, मला कळलं नाही. म्हातारीला पडद्यावरचं नीट दिसत नसावं. अंकितला कालच ईमेलनं सगळं पाठवलं आहे, वर्ध्याला जाऊन रंगीत छापून आण म्हणून. घरात सगळ्यांना दाखव. बाबांनाही कळू दे की त्यांच्या पोराच्या मागे पृथ्वीच्या पलीकडची माणसं उभी आहेत.

सुरभी

---

सेलू
१२ नोव्हेंबर २००६

चि. सुरभीस अनेक आशीर्वाद.

लिहिण्यास कारण की, तू पाठविलेले कागद अंकितने वर्ध्याहून छापून आणले. भाषा कोणासही कळली नाही, परंतु फोटो पाहून जे समजायचे ते समजले. तुला कोठून कळले ते मी विचारीत नाही. एवढ्या लांब राहून अशी बातमी शब्दांत लिहिणे तुला जड गेले असेल, म्हणून तू हा मार्ग धरलास हे तुझ्या आईने ओळखले. ती तो कागद हाती घेऊन पुष्कळ वेळ बसून होती. नंतर तिनेच उठून त्यास हार घातला.

शरीर नसल्याने गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून बोर नदीच्या काठी अग्नी दिला. काल तेरवी झाली. भैय्याजी स्वतः हजर होते. मंडप, जेवण, सर्व व्यवस्था त्यांनी पाहिली, मला कशातही लक्ष घालू दिले नाही. पेपरातही त्यांनीच दिले. वकिलाच्या एका कागदावर माझी सही घेतली, पुढे दुकानास व घरास त्रास होऊ नये म्हणून. मनुष्य वाईट असता तर एवढे केले नसते, असे अंकितचे म्हणणे आहे.

श्रीमती मयुरीस काही दिवस केळझरला पाठवीत आहोत. तू येथे येण्याची घाई करू नये. प्रकृतीस जपावे. जावईबापूंस नमस्कार.

तुझा,
नानाजी

---

रोसारियो
४ डिसेंबर २००६

सौ. मयुरीवहिनी,

बाबांचं पत्र आज आलं. मी सौ. लिहिते आहे आणि मरेपर्यंत सौ.च लिहीन. बाबांनी तुझ्या नावामागे काय लावलं ते मी वाचलं.

मला कोणी काही कळवलेलं नाही. कुठलीही बातमी माझ्याकडे नव्हती आणि नाही. ती फुलं परक्या माणसांनी घातली, मी राहू दिली, कारण मला ती आवडली. एवढंच आहे वहिनी, यापेक्षा जास्त काही नाही. दुकानात फोन केला. बाबा म्हणाले, "झालं ते झालं पोरी, दुकानात माणसं हायेत." मी ओरडून सांगितलं की दादा मेला असं मी म्हटलेलं नाही. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. पुन्हा केला तर अंकितनं उचलला आणि तू आता बाबांना त्रास देऊ नको म्हणाला.

मग मी एल्व्हिराकडे गेले. तिच्या नातवाला मध्ये बसवलं आणि त्या दिवशी ती काय म्हणाली होती ते विचारलं. ती म्हणाली, "फुलं मेलेल्याला घालतात. तुमच्याकडे वेगळं आहे का?" इथल्या लोकांना इतकी सवय झाली आहे, की साक्षीदार नाहीसा झाला म्हणजे ते आधी मेणबत्ती लावतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तिच्या भावाच्या पानावर तिनं एकही फूल राहू दिलेलं नाही. नातवाचं ते एकच काम आहे, रोज फुलं पुसायची. लष्कराच्या काळात तिच्यापुढेही एक कागद ठेवला होता, भाऊ मेला असं लिहून दे, सगळं मिटेल. शेजारपाजारचे म्हणाले, दे लिहून. ती म्हणाली, "ज्यांनी नेला त्यांनी सांगावं तो कुठे आहे. मी का मारू त्याला?"

वहिनी, हे तिनं मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं. मी तिचे डोळे अधू ठरवले.

मी रात्रंदिवस बसून सगळी फुलं, सगळ्या मेणबत्त्या पुसल्या. तो सजवलेला फोटो काढला आणि तू पाठवलेला साधा परत लावला. लोक चिडले. नर्स म्हणाली, मी देवापुढे लावावी तशी मेणबत्ती लावली होती, तू विझवलीस. एकानं लिहिलं, या बाईचं डोकं फिरलं आहे, भाऊ गेला हे मान्य करत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, भारताची भांडणं इथे कशाला. मी फक्त एवढंच लिहिलं, की तो मेला हे तुम्हाला कोणी सांगितलं. मग त्या टॅक्सीवाल्यानं, क्लबचं नाव न घेता, पहिल्यांदाच, एक ओळ लिहिली. "स्वप्निल कुठे आहे?" त्याच्याखाली त्याच्या विरोधी क्लबच्या माणसानं तेच लिहिलं. मग नर्सनं. आता खालपर्यंत तेवढी एकच ओळ आहे.

बाबांनी सही केलेला कागद परत मागता येईल का? वकिलांना विचार. हे पत्र मी केळझरच्या पत्त्यावर पाठवते आहे. मला शिव्या दे, पण लिही.

सुरभी

---

केळझर
२८ जानेवारी २००७

प्रिय सुरभीताई,

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमननं पाकिटावरचं सौ. वाचलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि पाकीट माझ्या वडिलांच्या हातात दिलं.

शिव्या तर मी आधीच दिल्या. नोव्हेंबरभर देत होते. मलाही वाटलं तुम्हाला कळलं. अंकितभाऊंनी तो कागद ओट्यावर ठेवला आणि आई मला म्हणाल्या, "सुरभीले समजलं बाई, तिले सांगता नाई आलं." तेव्हा मी नाही म्हटलं नाही. त्या फुलांत ते हसत होते, कोपऱ्यात काळी पट्टी होती, मी काय म्हणणार. तुमचं दिवाळीचं पत्र आलं तोवर तेरवी होऊन गेली होती. त्यात निषेधाची फीत वाचली आणि मी ते पत्र घेऊन बाबांकडे धावले. बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आता भैय्याजीले कोणत्या तोंडानं सांगू?" ताई, त्यांना तेव्हा कळलं होतं. तुम्ही फोनवर ओरडलात त्याच्या आधीच.

नदीवर मला नेलं होतं. पळसाची पानं जोडून माणूस केला होता, नारळाचं डोकं. अंकितभाऊंनी अग्नी दिला. पानं ओली होती, नीट पेटेनात, तर भैय्याजींच्या पुतण्यानं मागून रॉकेलची बाटली पुढे केली. हो, तोही आलता. माझ्या बांगड्या फोडताना मी त्याच्याकडेच पाहत होते, तो खाली पाहत होता. आख्ख्या सेलूत तेव्हा दोघांनाच खरं माहीत असावं, त्यातला एक तो, दुसरे भैय्याजी.

कागदाचं विचारलंत. वकील आधीच म्हणाले होते, मुलगा मेला असं बापानं लिहून दिलं, तेरवी झाली, पेपरात आलं, आता कोर्ट काय करणार. वीस डिसेंबरला निकाल लागला. पाहणारा साक्षीदार मयत, म्हणून पुतण्या सुटला. पोलिसांनी आपला शोधही बंद केला. श्रावणची बायको कोर्टाबाहेर मला भेटली. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि माझा हात धरून उभी राहिली.

मी इथेच आहे. सेलूला परत बोलावलेलं नाही. तुमचं हे पत्र आल्यावर मी पुन्हा कुंकू लावलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका समोरून येताना रस्ता बदलतात. विधवा असती तर कीव केली असती, सवाष्ण असती तर बोलावलं असतं. संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या घरांत झालं, माझ्या आईलाही कोणी बोलावलं नाही.

परवा रथसप्तमीला, हळदीकुंकवाच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या एस.टी.नं सेलूहून आई आल्या. एकट्या. बाबांना मंदिरात जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या. पिशवीतून करंडा काढला, तीळगूळ काढला, आणि वाण म्हणून एक चप्पलजोड काढला. नवा. "तो शिवून आणणार होता ना," म्हणाल्या. त्यांनी माझ्या कुंकवावर कुंकू लावलं. ते नाकावरही सांडलं, आणि पुसायला त्यांनी पदर घेतला तो तोंडालाच लावून बसल्या.

"म्याच हार घातला," म्हणाल्या. "बारा वर्सं म्हनत होती मी, चार महिन्यांत घातला."

मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. एल्व्हिराबाईंचं बोलणं दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी विचारलं, "तिथचे लोकं अजून इचारून राह्यले का, स्वप्निल कुठी हाय म्हनून?"

मी हो म्हटलं.

"त्यायले सांग, बंद नोका करू. इथी कोनी इचारत नाई."

मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठल्या. मी नवी चप्पल घालून त्यांना फाट्यापर्यंत पोचवून आले.

मयुरी